पोटुशीला तोंड दाखवलं नाही

माझ्या लेकीची नोकरी गेली, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणारा उगाच वाट बघत बसणार नाही. कुणी काढलं नाही तिला. तिनंच राजीनामा दिला, बाळंतपणाच्या सुट्टीत, माझ्या घरात, पोरीला मांडीवर घेऊन, मोबाईलवर. नोकरीचं एवढं काही नाही. हातात कसब असलं की दुसरी मिळते. मला त्या दिवसांत धास्ती होती ती वेगळीच. वर्षाच्या आत या घरातून दुसरी तिरडी निघते की काय, ही धास्ती.

पहिली निघाली ती माझ्या बायकोची.

लेकीला तेव्हा सातवा महिना होता. मी पाणीगेटच्या बाजारात डिंक आणायला गेलो होतो. हिनंच पाठवलं. बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक आतापासून बघून ठेवायचा, असं तिचं म्हणणं. "दुकानदार देईल तो घेऊन येऊ नका. दाताखाली धरून बघा," असं जिन्यापर्यंत येऊन सांगितलं होतं. मी खरंच दाताखाली धरून बघितला आणि घेऊन आलो, तर ही स्वयंपाकघरात खाली बसलेली, ओट्याला पाठ लावून. मला वाटलं दमली. "अगं," म्हणालो. परत म्हणालो, "अगं." गॅस बंद केलेला होता. मोबाईल मांडीवर होता.

मरायच्या आधी तिनं एक फोन केला होता, तो लेकीला. लेक अलकापुरीत, घरांचे नकाशे काढणाऱ्या एका बाईंच्या ऑफिसात कामाला. छाणीला तिनं काढलेल्या नकाशावरून एक बिल्डिंग उभी राहिली, ती बघायला मी काही काम नसताना सायकल घेऊन जायचो. तर त्या वेळी तिच्यासमोर गिऱ्हाईक बसलं होतं, तिनं फोन कट केला. कट करायचाच. मी जन्मभर कारखान्यात फिटर होतो, हातातलं काम टाकून फोन घ्यायला गेलो असतो तर आज बोटं नसती. पण माझी बोटं आणि तिचं मन यात फरक आहे, ते मला उशिरा कळलं.

ती रिक्षा करून धावत आली. आमच्या पोळाच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशीच बायकांनी तिला धरलं. माझ्या विहीणबाई आधीच पोचल्या होत्या, त्यांनी हात आडवा केला. "पोटुशीनं मढ्याचं तोंड बघू नये. गर्भावर सावली पडते. तू मागं फीर." मी वरून खिडकीतून बघत होतो. लेक ओरडत नव्हती. नुसती वर बघत होती, माझ्याकडे. आमच्यात तशी रीत आहे, आणि माझं डोकं त्या वेळी चालत नव्हतं, म्हणून जी रीत आहे ती बरी, असं वाटलं. तिरडीसुद्धा आम्ही मागच्या गल्लीनं काढली, तिच्या नजरेला पडू नये म्हणून. लेकीला तिच्या सासरी नेऊन बसवलं. आई गेली, हे तिला सगळ्यांनी सांगितलं. दाखवलं कुणी नाही.

दिवस भरले, मुलगी झाली. दवाखान्यात शेजारची माशी, म्हणजे मावशी, आली होती. गुजराती बाई, भिंतीला भिंत लागून घर, हिची जुनी मैत्रीण. तिनं पोरीचं टोपडं सारलं आणि डाव्या कानाखाली तीळ दिसला. हिलाही तिथंच होता. माशीनं टाळीच मारली. "जो तो खरी! तारी मम्मी ज पाछी आवी!"

आईच परत आली, हे ऐकून सगळ्यांचे डोळे भरले आणि सगळे हसले. मीही. मी तर वाकून पोरीला म्हणालो, "आलीस का गं?" हिला हाक मारायचो त्याच आवाजात. फार बरं वाटलं बोलून. ज्याचं माणूस गेलंय त्याला विचारा कसं वाटतं.

बारसं मात्र केलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, घरात सुतकाचं वर्ष आहे, वर्षश्राद्ध झाल्यावर करू, आणि नाव काय, ठरलेलंच आहे, आजीचं. त्यामुळं पोरीला नावच नव्हतं. ज्याला नाव नाही त्याला माणूस तोंडाला येईल ते म्हणतं. आमच्या घरात सगळे तिला "आई" म्हणायला लागले. आई उठली का. आईनं दूध घेतलं का. आईला ढेकर आली का. गंमत होती. हिची शाल पोरीला दुपटं म्हणून वापरायला मीच काढून दिली.

लेक हट्टानं माझ्याकडे आली होती बाळंतपणाला. आई नसलेल्या माहेरी कोण करणार तुझं, असं सगळे म्हणाले. मी केलं. माशी सांगायची, मी करायचो. पहिल्या घाण्याला डिंक करपवला. जावई भरुचकडे नोकरीला, ते रविवारी यायचे.

आधी मला काही कळलं नाही. पोरीला खाली ठेवायची नाही, तर म्हटलं पहिलटकरीण आहे. मग बघितलं, माशीनं हात पुढं केले तरी देत नाही. मी मागितली तरी देत नाही. एकदा ताट वाढून हाक मारली तर म्हणाली, "आईचं झाल्याशिवाय मी कशी बसू, बाबा?" मी हसलो. ती हसली नाही.

मग बोलणं. बाळाशी सगळेच बोलतात, बोबडं. ही बोबडं बोलत नव्हती. चांगलं मोठ्या माणसाशी बोलावं तसं, हळू, कुणी ऐकेल अशा बेतानं. मी खोलीत गेलो की गप्प. आणि डोळे. पोर झोपायची, पण ही भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहायची. माशी मला जिन्यात गाठून म्हणाली, "भाई, तुमची छोकरी सूती नथी. झोपत नाय ती. हे सारूं नाय." मी म्हटलं, बाळंतीण आहे, होईल ठीक. पण त्या दिवसापासून मी भाजीला लांब जाईनासा झालो.

राजीनाम्याचं मला तिनं सांगितलं नाही. तिच्या मॅडमचा माझ्या मोबाईलवर फोन आला.

"काका, एने समजावो ने, तिला समजवा ना. सुट्टी अजून पुष्कळ बाकी आहे. वाढवून पाहिजे तर वाढवून देते, बिनपगारी का होईना. राजीनामा कशाला? दोन ओळी लिहून पाठवल्यात तिनं. फोन उचलत नाही. घरात काही झालंय का?"

"बाळ लहान आहे ना," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार होतो?

लेकीला विचारलं तर म्हणाली, "हो, दिला."

"जावयांना विचारलंस?"

"नाही."

"अगं, एवढी शिकलीस. एवढं मन लावून काम करायचीस."

"ते काम करत होते म्हणून तर," एवढंच बोलली आणि पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. हिला केस कपाळावर आलेले खपायचे नाहीत. पोरीला केस होते किती? नुसती लव.

दुसऱ्या दिवशी खाली भंगारवाला ओरडला. बघतो तर लेक एका हातानं पोरीला धरून दुसऱ्या हातानं नकाशांच्या गुंडाळ्या त्याच्या हातगाडीवर टाकतेय. कॉलेजपासूनच्या. त्यात तो छाणीच्या बिल्डिंगचा पण. पट्ट्या, पेनं, सगळं. भाव सुद्धा केला नाही. भंगारवाला माझ्याकडे बघतोय, घेऊ की नको. माणूस नोकरी सोडतो तेव्हा वस्तू माळ्यावर टाकतो, मी बघितलंय. रिटायर झालो तेव्हा मी माझा पाना घरी आणला होता, अजून आहे. सगळं वाटून मोकळं कोण होतं, तेही मी बघितलंय.

रविवारी विहीणबाई आल्या. त्यांना आनंदच झाला होता. "बरं केलंस हो. पोर टाकून कुठं त्या अलकापुरीला मिरवायचं? आमच्या घरात सुनेला सोन्यासारखं ठेवलंय." मग माझ्याकडे वळून, "व्याही, तोंड का पडलं? लेकीच्या पगाराची सवय लागली होती का काय?"

"तुमच्या मुलाची सुटली तर तुम्ही पेढे वाटाल का?" मी म्हणालो.

"अगंबाई, केवढा राग!"

जावई मध्ये पडले. ते म्हणाले, तिची मर्जी, परत लागेल तेव्हा लागेल. भला माणूस आहे. पण सगळे नोकरीवर बोलत होते. नोकरी सोडावी का सोडू नये, पोराकडं बघावं का पैशाकडं. आणि जिच्यावर बोलणं चाललंय ती कोपऱ्यात बसून पोरीच्या कानात काहीतरी सांगत होती. विहीणबाई म्हणाल्या, "बघा, आजीबाईंशी कसं गूज चाललंय!" आणि सगळे हसले. मी नाही हसलो.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी गिरणीतून दळण घेऊन आलो. दार उघडं. गॅसवर दूध उतू जाऊन आग विझलेली, वास सुटलेला. पाळणा रिकामा. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, हाक मारली नाही. गच्चीचा जिना चढलो. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी कसा चढलो ते ठाऊक नाही.

ती कठड्यावर बसली होती, पाय आत, पाठ रस्त्याकडे. ऊन डोक्यावर. पोरीला हिच्या शालीत गुंडाळलेलं. आमचा कठडा जुना, कमरेएवढा पण नाही. पलीकडे सरळ खाली फरशी.

ती पोरीला म्हणत होती, "बोल ना गं. एकदा तरी बोल. रागावलीस ना? आता मी कुठं जात नाही. नोकरी सोडली. सगळं टाकून दिलं, बघितलंस ना तू? अजून काय सोडू? सांग, अजून काय सोडू?"

मी दारातच उभा राहिलो. ओरडलो असतो तर दचकली असती. शेवटी मी म्हणालो, "भात किती लावू गं?"

तिनं बघितलं. "बाबा, आई बोलत नाही."

"लहान आहे ती. कशी बोलेल?"

"मुद्दाम बोलत नाही. मी फोन घेतला नाही ना."

मी हळूहळू जाऊन तिच्या शेजारी कठड्यावर टेकलो. तिची ओढणी वाऱ्यानं उडत होती, ती मुठीत धरली, घट्ट. पिठाचा हात होता, ओढणीला पीठ लागलं. म्हणालो, "ही तुझी आई नाही. ही तुझी पोरगी. तुझी आई मेली."

"सगळे म्हणतात परत आली. तुम्ही पण म्हणालात."

"म्हणालो. खोटं म्हणालो. मेली ती. मी बघितली."

"तुम्ही बघितली," ती म्हणाली. "मला कुठं दाखवली?"

मी म्हणालो, "खाली चल. स्वयंपाकघरात चल. कशी होती ते सगळं सांगतो, काही राखून ठेवत नाही."

ती उठली. पोरीला माझ्याकडे दिलं नाही, पण उठली. जिना उतरेपर्यंत मी ओढणी सोडली नाही.

ओट्याजवळ हिची जागा होती तिथं मी बोट ठेवलं. सांगायला लागलो. मला गोड बोलता येत नाही, जसं होतं तसं सांगितलं. इथं बसली होती. मान या बाजूला. डोळे अर्धे उघडे होते, ते मी मिटले, एक परत परत उघडत होता. तोंड जरासं वाकडं झालं होतं. हाताला कणीक लागून वाळलेली, ती बायकांनी आंघोळ घालताना धुतली. मी मांडीवरचा मोबाईल काढला तेव्हा हात थंड होता. पायाचे अंगठे बांधले. कपाळभर कुंकू लावलं, सवाष्ण गेली म्हणून. ओटी भरली. हिरवी साडी पाहिजे, तर कपाटात एक धड हिरवी सापडेना, तेव्हा माशीनं धावत जाऊन आपली आणली. बांधणी.

"आईला बांधणी नेसवली?" लेकीनं मान वर केली.

"हिरवी बांधणी. पांढऱ्या ठिपक्यांची."

"तिला बांधणी आवडत नव्हती, बाबा! ती म्हणायची, अंगावर गोवर उठल्यासारखी दिसते."

"मग काय करणार? ती काही बोलली नाही."

ती हसली. खरंच हसली, तोंडावर हात ठेवून. आणि हसता हसता तो आवाज बदलला. मी तसला आवाज माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. माशी धावत आली. लेक फरशीवर, हिच्या जागेवर, ओट्याला कपाळ लावून रडत होती, आणि पोर माझ्या हातात होती. कधी दिली तिनं, की मी घेतली, ते आता आठवत नाही.

रडून थोडी शांत झाल्यावर तिनं विचारलं, "पुढं?"

पुढं स्मशान. लाकूड ओलं होतं, पेटायला वेळ लागला. तेही सांगितलं. माशी मला डोळ्यांनी दटावत होती, बस करा. मी बस केलं नाही.

"फोन कशाला केला होता तिनं मला?"

"ते मला माहीत नाही. दुखत असेल म्हणून केला असेल. नाहीतर हळीव आणून ठेवू का, ते विचारायला केला असेल. तुला कळायचं नाही ते कधी, आणि मलाही नाही. मला तर तिनं केलाच नाही."

हे शेवटचं मी बोलणार नव्हतो. तोंडातून गेलं. लेकीनं माझ्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी, माणूस माणसाकडे बघतो तसं.

यानं ती बरी झाली असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी परत भिंतीला टेकून बसली. मी जावयांना बोलावून घेतलं, डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर असं होतं, आजार आहे, गोळ्या घ्याव्या लागतील, आणि तिला एकटीला ठेवू नका. विहीणबाई म्हणाल्या, "वेड्याच्या गोळ्या? आमच्या सुनेला?" जावयांनी जन्मात पहिल्यांदा आईला गप्प केलं. गच्चीच्या दाराला मी कुलूप घातलं, किल्ली माझ्या करदोट्याला. पुष्कळ दिवस असे गेले की मी जिन्यात जरा धप्प आवाज झाला तरी उठून उभा राहायचो.

आणि बारसं केलं. वर्ष संपायची वाट बघितली नाही. विहीणबाई म्हणाल्या, सुतकात पाळणा सजवणार? लोक काय म्हणतील? मी म्हणालो, लोक यावेत म्हणून करत नाही. नाव काय ठेवायचं यावर परत तेच निघालं, आजीचं. मी नाही म्हणालो. माशीसुद्धा रुसली माझ्यावर. तिला काय सांगू? हिचं नाव मी आयुष्यात घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, आणि नंतर दवाखान्याच्या खिडकीवर विचारतील तेव्हा. एरवी "अगं". ते नाव घरात परत ऐकू आलं असतं, दिवसभर, दुधाला, आंघोळीला, तर मला नको होतं काय? मला पाहिजे होतं. पण लेक मेली असती.

नाव लेकीनंच निवडलं, आत्यानं कानात सांगितलं. चांगलं आहे, हिच्याशी काही संबंध नसलेलं. पहिले काही दिवस मी पोरीला "अगं" म्हणायला जायचो आणि जीभ चावायचो. शाल धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवली.

मॅडमनं जागा काही दिवस धरून ठेवली होती, पण कामं कुणासाठी थांबत नाहीत, दुसरी मुलगी घेतली. त्यांचा ऑफिसचा लॅपटॉप आमच्याकडेच राहिला होता. परवा लेक म्हणाली, "बाबा, मी जाऊन देऊन येते." डॉक्टरीणबाईंनी हरकत घेतली नव्हती. पोरीला माझ्याकडे दिलं, स्कूटर काढली. मी खिडकीतून बघितलं, पोळाच्या तोंडाशी वळली. तिथंच तिला अडवलं होतं.

अलकापुरी काही लांब नाही. यायला पाहिजे होती त्याच्यावर किती तरी वेळ गेला. मी गच्चीचं कुलूप बघून आलो, ती घरात नसताना. वेड्यासारखं. पोर रडायला लागली. माशी गावाला गेलेली. रस्त्यात पूल लागतो, खालून गाड्या जातात, ते मनात आलं आणि जाईना. मी फोन लावला. वाजला, वाजला, आणि कट झाला.

मी ओट्याजवळ उभा होतो. तसाच खाली बसलो, पोरीला छातीशी धरून. जागा कुठली ते बसल्यावर ध्यानात आलं.

मग फोन वाजला.

"बाबा, काय झालं? मॅडमशी बोलत होते म्हणून कट केला."

मी पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"बाबा? बोला ना. पोरीला काही झालं का?"

"काही नाही," मी म्हणालो. "शी केलीय तिनं."

"मग धुवा ना. एवढ्यासाठी फोन? माझं बोलणं चाललंय अजून. ठेवते."

तिनं ठेवला. मी पोरीला धुवायला उठलो.